पायताणाचा बेडूक

मे महिन्यात कण्हेरचं पाणी इतकं मागं सरतं
की गाडी लावून भेगाळल्या गाळावरनं
पाऊण मैल चालावं लागतं,
एका हातात गळकाठी, दुसऱ्या हातात चपला.

चपलांवरनं आठवलं.
इलाही आतार, सायकलचं दुकान, मोळाचा ओढा.
टाकून दिलेल्या पायताणांतून तो बेडूक कापायचा.
ब्लेडनं दोन तिरके काप, पोटात शिसं, पाठीवर दुहेरी गळ,
मागं ट्यूबच्या झिरमिळ्या, पाय म्हणून.
डोळे मुलीच्या नेलपॉलिशचे.
"मरळीला काय डोळे दिसत न्हाईत," मी म्हणालो.
"मला दिसत्यात," तो म्हणाला.

मी वेल्डर. आठवडाभर काळ्या काचेमागनं ठिणगी बघायची,
रविवारी डोळ्यांना पाणी पाहिजे,
मासा आपला निमित्ताला, असं घरी सांगायचो.
खोटं.
मासाच पाहिजे असायचा.

मरळ हवा प्यायला वर येते.
गुळुक्.
शेवाळाला वाटीएवढं भोक, आणि मग बराच वेळ काही नाही.
तो वेळ मोजायचा.
मी घड्याळावर मोजायचो, इलाही बोटांच्या पेरांवर.
त्याचं बरोबर यायचं.

तिथं बुडालेल्या मळ्यातली एक विहीर आहे.
मे सरता सरता तिचा काठ चार बोटं वर येतो,
सोंदुरानं घासलेला दगड अजून गुळगुळीत.
त्या काठाशी एका वर्षी लाली दिसली.
आधी वाटलं, पत्र्याचा गंज.
पिल्लं होती. तांबडी, शेवयांच्या तुकड्यांएवढी, हजारभर,
आधण आल्यासारखी वर येत होती, खाली जात होती.
मी बेडूक टाकला.
बरोबर लालीच्या मधोमध.

भुकेची मरळ दोरा आधी चाचपते.
हिनं नाही चाचपला.
पाणी फुटलं, काठी वाकली,
धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून दाढांत.
काठाला आणली तेव्हा तीन किलोला कमी नव्हती,
आणि म्हशी पाण्यात घातलेला एक पोरगा
लांबनंच ओरडत आला, "मामा, डोकं मला!"

इलाही गुडघ्यावर बसला.
टायरातला खिळा काढावा तसा पकडीनं गळ काढला,
ट्यूब फाटू न देता.
ओल्या हातांनी तिला पाण्यात उभी धरली,
कल्ले दोनदा हलले,
आणि हात उघडले.

मी परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही.
एम-एटी त्याची, पेट्रोल माझं.
घरी मेहुणा यायचा होता, बायकोनं खोबरं वाटून ठेवलेलं.
करंजे नाक्याला गाडी हळू करत तो म्हणाला,
"चिलापी जमल्या हुत्या कडंनं. पिल्लांवर.
तू बघितल्या न्हाईस."

नव्हत्याच बघितल्या.
तरी पुढं दोन रविवार मी एकटाच गेलो, रागानं,
आणि दोन्ही रविवार कोरडा आलो.

आता तो मिरजेला, मुलीकडं.
मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं राहिलंय.
नेलपॉलिशवाली हीच मुलगी, तीच फोन लावून देते.
तब्येत विचारली की ऐकू न आल्यासारखं करतो.
"हिरीचा काठ आला का वर?"
आला. चार बोटं.
"लाल हाय?"

मी बघतो.
डोक्यावर बाराचं ऊन, पाण्यावर पत्रा तापलेला,
माझेही डोळे ठिणग्यांनी निम्मे खाल्लेले.
थांब, म्हणतो.
बेडूक काठीला लोंबतोय, त्याचा एक डोळा केव्हाच उडालाय.
फोन कानाला तसाच, पलीकडं मिरजेतला पंखा घरघरतोय.
गुळुक्.
"ऐकलं," इलाही म्हणतो. "आता मोज."
अंगठा पहिल्या पेरावर ठेवतो.